मास्तरांचं एक बोट

मास्तरांनी शाळेत कधी कोणाला शिकवलं नव्हतं आणि स्वतःही तिथे फार दिवस काढले नव्हते. पण रंगाच्या धंद्यात जो टाकीवर उभा राहून ‘आता काढा’ म्हणतो त्याला मास्तर म्हणतात, म्हणून ते मास्तर. त्याच न्यायाने त्यांची बायको मास्तरीण. दोघांचा कारखाना म्हणजे घराच्या मागच्या अंगणात पत्र्याखाली जमिनीत पुरलेल्या चार टाक्या, पाणी तापवायची एक चूल आणि कापड वाळत घालायच्या तारा. टाक्यांत फक्त नीळ. कोणी लाल किंवा हिरवा रंग करून मागितला, तर त्याने जणू घरात दुसरी बायको आणायचं सुचवलंय, असा चेहरा मास्तर करत.

निळीची एक गंमत आहे आणि ती मास्तरांनी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवलेली आहे. टाकीतून कापड वर काढलं की ते निळं नसतं. हिरवट-पिवळं, आजाऱ्यासारखं दिसतं. मग त्याला हवा लागते आणि बघता बघता ते तुमच्या डोळ्यांदेखत निळं होत जातं. ‘थांबा, त्याला श्वास घेऊ द्या,’ असं मास्तर म्हणायचे, आणि गिऱ्हाईक तोंड उघडं टाकून बघत राहिलं की यांना मूठभर मांस चढायचं.

या कामात हात कोपरापर्यंत निळे होतात आणि नखं तर कायमची. मास्तरांनी एकदा रबरी हातमोजे घालून पाहिले होते. पण हातमोज्यांतून टाकी कळत नाही, पाणी बुळबुळीत झालंय की अजून व्हायचंय ते बोटांनाच समजतं, असं म्हणून त्यांनी ते मोजे मास्तरणीला भांडी घासायला देऊन टाकले. टाकी आली की नाही, म्हणजे रंग द्यायला तयार झाली की नाही, हे बघायला ते जिभेचं टोकही लावत. त्यामुळे ओठांवरही सदा एक निळसर छटा असायची. बँकेत अंगठा उठवायला गेले तर शाई वाचते, हा त्यांचा ठरलेला विनोद होता. मास्तरीण त्याला दरवेळी नव्याने हसायची, कारण तिचेही हात तसेच होते. टाक्या मुळात तिच्या वडिलांच्या. ती चालायला लागल्यापासून त्यांच्या काठावर वाढलेली.

तिला बघायला आलेली दोन स्थळं तिचे हात बघून चहा अर्धा टाकून उठली होती. तिसरे मास्तर. ते तेव्हा दुसऱ्या कोणाच्या टाकीवर कामाला होते. त्यांनी तिचे हात बघितले, जरा वेळ बघतच राहिले आणि विचारलं, “हा रंग किती बुडवण्यांचा?” तिने सांगितलं. त्यांनी खिशातून आपले हात काढून तिच्यापुढे धरले. बाकीच्या मंडळींना काही कळलं नाही, पण लग्न तिथेच ठरलं. पुढे दोघांच्या संसारात तिसरं कोणी आलं नाही. टाक्याच होत्या, आणि टाक्याही लहान मुलांसारख्याच नखरेल असतात, थंडी पडली की रुसतात, जास्त ढवळलं की बिघडतात.

मास्तरांचा स्वभाव सांगायचा तर एवढा कष्टाळू माणूस आणि एवढा कुरकुऱ्या माणूस एकाच कातडीत कसा मावला हे कोडंच होतं. बोटात कुसळ गेलं तरी साऱ्या गल्लीला कळायचं. साध्या सर्दीला ते अंथरूण धरायचे आणि मास्तरणीला जवळ बोलावून आपल्यामागे टाक्यांचं काय करायचं ते समजावून सांगायचे. तिला हे इतकं पाठ झालं होतं की ते मधे काही विसरले तर तीच आठवण करून द्यायची. मात्र यातून तिचा एक पक्का हिशेब बसला होता. मास्तर ओरडताहेत तर काळजी नाही, आणि मास्तर ‘बरं वाटतंय’ म्हणाले तर काळजीचं नावच नाही. कारण बरं नसताना बरं म्हणणारा तो माणूसच नव्हता.

त्या वर्षी तापाची साथ आली. घरटी एक माणूस अंथरुणावर, खोकला, अंगदुखी, तोंडाची चव गेलेली. मास्तरांनाही ताप आला आणि त्यांनी तो यथासांग साजरा केला. कण्हणं झालं, टाक्यांची व्यवस्था सांगून झाली, मेहुण्याला निरोप पाठवून झाला. मग एक दिवस ताप उतरला. सकाळी ते स्वतःहून उठून बसले, चहा मागितला आणि म्हणाले, “बरं वाटतंय गं.” मास्तरणीने मनातल्या मनात हात जोडले. ते दिवसभर बोलत होते, नेहमीपेक्षा जरा जास्तच. आवाज थोडा बसलेला, वाक्य जरा मधेच तुटायचं, पण आठ दिवस कण्हलेल्या माणसाचा आवाज बसायचाच. तिने त्यावर विचारही केला नाही.

मेहुणा दुपारी आला. हा मास्तरणीचा धाकटा भाऊ, टेम्पो चालवायचा. रंगवलेली कापडं बाजारात पोचवायचा तोच. त्याच्या घरी बायको तापाने पडलेली असताना डॉक्टरांनी बोटाला चिमट्यासारखा लावायचा ऑक्सिमीटर घ्यायला सांगितला होता. शरीरात ऑक्सिजन पुरेसा पोचतोय की नाही ते त्यात दिसतं, पंच्याण्णवच्या वर आकडा असला की निर्धास्त, असं त्याला सांगितलेलं. आता बायको बरी झाली होती आणि यंत्र रिकामं होतं. रिकामं यंत्र बघून त्याचे हात शिवशिवत होते. त्याची सगळ्या गल्लीची बोटं मोजून झाली होती आणि आता दाजींची पाळी होती.

चिमटा मास्तरांच्या बोटाला लागला. लाल उजेड पडला. आकडा नाचला आणि चौऱ्याऐंशीवर थांबला.

मेहुण्याचा चेहरा उतरला. त्याने चिमटा काढून पुन्हा लावला. चौऱ्याऐंशी. स्वतःच्या बोटाला लावला, अठ्ठ्याण्णव. तो काही बोलायच्या आत मास्तरीणच हसायला लागली. अरे, त्यांची बोटं बघ ना, ती म्हणाली. यंत्र नखातून उजेड पाडून आत बघतं, असं तूच सांगितलंस. या नखांतून सूर्य तरी आत जाईल का?

हे सगळ्यांना इतकं पटलं की आपल्याला ते जरा जास्तच पटतंय अशी शंकाही कोणाला आली नाही. मास्तरांना तर हा आपल्या रंगाचा सन्मानच वाटला. यंत्रालाही गुंगारा दिला म्हणजे रंग पक्का, असं म्हणून त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. तरीही मेहुण्याने दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई भली होती. तिने ऐकून घेतलं. नखांवर गडद रंग असला की आकडा चुकीचा येऊ शकतो हे खरं, ती म्हणाली, म्हणून एक नख स्वच्छ करा आणि पुन्हा बघा. तरीही कमीच आला तर वाट न बघता घेऊन या. आणि धाप लागत नाही यावर विसंबू नका, या आजारात आकडा खाली गेलेला असताना माणूस गप्पा मारत बसलेला असतो. पलीकडून एवढं सगळं सांगितलं गेलं. मास्तरणीच्या कानात राहिलं ते ‘चुकीचा येऊ शकतो’ एवढंच.

मग नख घासायचा कार्यक्रम सुरू झाला. कापडावरचा बिघडलेला रंग उतरवायची एक पावडर कारखान्यात असते. ती कोमट पाण्यात कालवून मास्तरणीने नवऱ्याचं बोट त्यात बुडवलं आणि पायाच्या टाचा घासायच्या दगडाने नख घासायला घेतलं. मास्तर बोंबलतील असं तिला वाटलं होतं. कुसळाला गल्ली गोळा करणारा माणूस नखाची साल निघाली तरी गप्प बसला होता, डोळे मिटून. तिने हेही चांगलंच धरलं. आजाराने माणूस शहाणा झाला म्हणायचा, असं ती भावाला म्हणालीसुद्धा.

नखाचा रंग पूर्ण उतरला नाही, पण फिका झाला. चिमटा लावला, अठ्ठ्याऐंशी.

“चढला,” मेहुणा म्हणाला.

बघा, म्हणजे रंगच, असं मास्तरीण म्हणाली आणि दुप्पट जोराने घासायला लागली. तिच्या मनावरचा भार उतरला होता. जितका रंग निघेल तितका आकडा चढेल, सरळ गणित होतं. इतका वेळ मास्तर एका जागी पाठ टेकून, न बोलता, शांत श्वास घेत बसले होते, आकडा त्याने चढला असेल, हे तिला कसं सुचावं? तिच्या हातात दगड होता आणि ती घासत होती. जो घासत असतो त्याला आपल्या घासण्याचाच गुण दिसतो.

तेवढ्यात मास्तरांना टाकीत टाकलेल्या कापडाची आठवण झाली. सकाळी त्यांनीच मास्तरणीला एक ताग्याचा तुकडा बुडवायला लावला होता. ‘मी बघून येतो’ म्हणून ते उठले. दोघांनी नको म्हटलं तरी गेले. मास्तरीण मागोमाग गेली. त्यांनी काठीने तुकडा वर उचलला. तो पाणी गाळत होता आणि अजून पुरता हिरवट-पिवळा होता. मास्तर त्याच्याकडे बघून म्हणाले, “झालं निळं. छान उतरलंय.”

मास्तरणीला हसू आलं. बरं वाटायला लागल्यावर ते अशी चेष्टा करायचे. तिने तुकडा तारेवर टाकला आणि त्यांना धरून आत आणलं. तीनच पावलांची ओसरी, पण त्यांनी मधे एकदा खांबाला हात लावला.

आत आल्यावर चिमटा पुन्हा त्याच घासलेल्या बोटाला लावला. सत्त्याहत्तर.

आता मात्र कोणालाच काही कळेना. रंग कमी झाला होता हे तर डोळ्यांना दिसत होतं. मग आकडा खाली कसा गेला? नखावरचा रंग दगडाने उतरला, आणि अंगणात जाऊन येईपर्यंत पुन्हा चढला की काय? मेहुणा म्हणाला, यंत्रातले सेल गेले असतील. त्याने भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून यंत्रात घातले. घड्याळ बंद पडलं, आकडा जागचा हलला नाही. पायाच्या बोटाला लावून बघू म्हटलं, तर अनवाणी काम करून पायही तसेच निळे. शेवटी त्याने चिमटा कानाच्या पाळीला लावायचा घाट घातला. तो तिथे राहीना, घसरून दोनदा खांद्यावर पडला, आणि मास्तर हसायला लागले. हसताना त्यांना खोकला आला आणि तो थांबायला वेळ लागला.

मास्तरणीचं डोकं भणभणून गेलं होतं. माणूस हसतोय, बोलतोय, भूक लागली म्हणतोय, आणि हे बोटाएवढं खेळणं म्हणतंय की याच्यात जीव अपुरा आहे. विश्वास ठेवायचा कोणावर? चिडून तिने चिमटा भावाच्या हातातून हिसकावला. फेकूनच देणार होती. पण संसारी बाई वस्तू फेकत नाही. फेकायचा थांबलेला हात कुठे ठेवावा हे न कळून तिने चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. तेच निळं बोट, तेच निळं नख, न घासलेलं.

शहाण्णव.

मेहुण्याने तिच्या बोटाकडे पाहिलं, मग दाजींच्या बोटाकडे. तिने चिमटा दुसऱ्या बोटाला लावला. पंच्याण्णव. रंगाने आकडा फार तर चिमटीभर खाल्ला असेल, एवढा मोठा घास घेतला नव्हता.

मास्तर मात्र हार मानायला तयार नव्हते. तुझा रंग हलका आहे, ते म्हणाले. मी पस्तीस वर्षं टाकीत हात घालतोय.

“माझे हात तुमच्यापेक्षा जुने आहेत,” मास्तरीण म्हणाली. “मी दुधाच्या दातांपासून घालतेय.”

आणि हे बोलताबोलता तिला तो तारेवरचा तुकडा आठवला. तिने विचारलं, अहो, मघाशी ते कापड काठीवर होतं तेव्हा कसं दिसत होतं? निळं, मास्तर म्हणाले. चेष्टा नको, खरं सांगा. अगं निळंच, ते जरा वैतागून म्हणाले, तुला दिसत नाही का? तिने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिथे चेष्टा नव्हती. या माणसाने आयुष्यात पुष्कळ कांगावा केला होता, पण टाकीतून निघालेल्या कापडाला वारा लागायच्या आधी निळं कधी म्हटलं नव्हतं. झोपेतसुद्धा म्हटलं नसतं.

भावाला टेम्पो काढायला सांगून तिने मास्तरांच्या अंगात सदरा चढवला. बरं वाटत असलेल्या माणसाला कशाला नेताय, असं ते पुन्हापुन्हा विचारत होते. खरंच कशाला नेतोय हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. टेम्पोत मागे कापडाच्या गाठोड्यांवर त्यांना टेकवून ती शेजारी बसली. थोडं पुढे गेल्यावर ते तिला ‘मामंजी’ म्हणाले. तिचे वडील जाऊन कित्येक वर्षं झाली होती. “मामंजी, आता काढा,” ते म्हणाले, “फार वेळ झाला, काढा वर.” तिने त्यांचा हात घट्ट धरला आणि ‘काढते, काढते’ म्हणत राहिली.

दवाखान्यात दारातच त्यांना खाटेवर घेतलं. नर्सने तोंडाकडे बघितलं आणि ओठ निळे आहेत असं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. ते नेहमीचंच आहे, मास्तरीण सवयीने म्हणाली, ते टाकी चाखतात. नर्सने ओला कापूस घेतला आणि मास्तरांचे ओठ पुसले, एकदा, मग जोर लावून पुन्हा. कापूस पांढराच राहिला.

मास्तरीण त्या कापसाकडे बघत राहिली. आठ दिवस मास्तर आजारी होते. आठ दिवस त्यांनी टाकी चाखली नव्हती. आणि ती रोज त्या ओठांना चमच्याने पेज भरवत होती.

मग नाकातोंडावर मुखवटा आला, नळी आली, पालथं झोपवणं आलं. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाई काहीच सांगायला तयार नव्हती. चार दिवसांनी ती बाहेर येऊन बाकावर मास्तरणीच्या शेजारी बसली आणि म्हणाली, काकू, अजून उशीर केला असता तर अवघड होतं. मास्तरणीने तिला एकच विचारलं. त्यांना कळलं कसं नाही? कुसळ गेलेलं ज्याला सहन होत नाही, त्याला छातीतली हवा संपलेली कळू नये? डॉक्टरीणबाईने समजावलं. विषाणूने फुफ्फुसं सुजतात, रक्तात ऑक्सिजन पुरेसा चढत नाही. पण गुदमरल्यासारखं जे वाटतं, ते बरंचसं वाईट वायू आत साठल्याने वाटतं. तो वायू त्यांच्या श्वासातून बाहेर पडत होता, म्हणून आतून कोणी हाकच मारली नाही. डोक्याला मात्र ऑक्सिजन कमी पडत होता, म्हणून रंग चुकला, माणसं चुकली.

मास्तरणीने मान हलवली, पण तिला ते कळलं नाही. तिच्या मनात वेगळाच गुंता होता. तिच्या कापडाला हवा लागली की ते निळं होतं. आणि माणूस, हवा मिळाली नाही की निळा होतो. जन्मभर तिने निळं झालेलं बघून ‘झालं, छान उतरलं’ म्हटलं होतं. हे उलटं तिला कोणी शिकवलं असतं? तिने तसं डॉक्टरीणबाईला विचारलंही. ती म्हणाली, खरंच काकू, उलटंच आहे.

मास्तर घरी आले तेव्हा अर्धे झाले होते. अंगणापर्यंत जायला भिंत धरावी लागायची. टाकीपासून दूर राहिल्याने हातांचा रंग उतरला होता आणि नखं मुळाशी गुलाबी आली होती. रात्री झोपताना मास्तरणीच्या हाताला तो हात लागला की ती दचकायची, परक्याचा वाटायचा. टाक्याही रुसून बिघडल्या होत्या. त्या पुन्हा उठवायला तिला पार वैताग आला. मास्तर खुर्चीत बसून सूचना करायचे आणि गुडघा दुखतो, पाठ धरली, चहात साखर कमी आहे अशी कुरकुर करायचे. ती ऐकताना तिला इतकं बरं वाटायचं की साखर ती मुद्दाम कमी घालायला लागली.

पुढे त्यांनी टाकीत हात घालायचं ठरवलं, त्या दिवशी दोघांचं जुंपलं. हातमोजे ते घालणार नव्हते. टाकी कळत नाही, हेच पालुपद. शेवटी तिने एका जुन्या हातमोज्याचं एक बोट कापलं, त्यांच्या डाव्या हाताच्या करंगळीवर चढवलं आणि वरून दोऱ्याने बांधलं. नऊ बोटांनी तुमची टाकी कळेल, ती म्हणाली, हे एक माझं. मास्तरांनी पुष्कळ थट्टा केली, पण दोरा सोडला नाही. आता त्यांचे दोन्ही हात पुन्हा पहिल्यासारखे निळे झाले आहेत. ती एक करंगळी तेवढी गोरी राहिली आहे. बँकेतला विनोद करताना ते ती मुठीत लपवतात.

सकाळी चहा देताना ती विचारते, कसं वाटतंय. बहुतेक दिवशी मास्तर काही ना काही दुखणं सांगतात आणि ती आपल्या कामाला लागते. पण एखाद्या दिवशी ते नुसतंच हसतात आणि म्हणतात, “बरं वाटतंय.” मग ती हातातली कपबशी खाली ठेवते, दोरा सोडते, आणि ती करंगळी दाराच्या उजेडात धरून तिच्या नखाकडे बघत बसते. चहा निवतो. मास्तर हात काढून घेत नाहीत.